सोमवारची चिमूट

धोंडप्पानं पेट्रोलच्या पाइपाच्या जोडावर जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला, तोंड एका बाजूला केलं आणि जोड दोन्हीकडून दाबून पाइप ओढला. फस्स आवाज झाला, फडकं ओलं झालं, आणि थेंबही डोळ्यांत गेला नाही म्हणून त्यानं मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. जुन्या गाड्यांत पेट्रोल आपल्या वजनानं गुमान खाली उतरायचं. या नव्या इंजेक्शनवाल्या दुचाकीत मात्र टाकीच्या पोटात पंप बसवलेला. तो पेट्रोल दाबून पुढं ढकलतो, आणि बेसावध माणसानं जोड सोडवला की पिचकारी थेट तोंडावर. पहिल्या खेपेला त्याच्या मिशांना आठ दिवस वास येत होता.

"जमंल का?" मागून आवाज आला.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर धोंडप्पानं त्याला पाना हातात देऊन "या, तुमीच करा" म्हटलं असतं. पण विचारत होत्या विहीणबाई. त्याच्या मुलीची, सिंधुची सासू. शरणम्मा गॅरेजातल्या एकुलत्या एका धड खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि मांडीवर पिशवी.

"जमंल की, इहीनबाई. तुमी पानी घ्या."

"तीनदा घेतलं. दुष्काळात मानसाला एवढं पानी पाजू नये." त्यांनी बाहेरच्या पाटीकडं हनुवटी वळवली. "तुमची पाटीबी अर्धीच हाय की. 'तालुका उदगीर, जिल्हा', अन् फुडं काहीच न्हाई?"

"उदगीर जिल्हा होनार हाय म्हंत्यात. झाला की लिहायचं."

"जिल्हा हुईल तवा हुईल. गाडी आज हुईल का?"

सिंधु बापाशेजारी उकिडवी बसली होती. ती खाली बघून हसली, पण ओठ दाताखाली दाबलेलाच राहिला. तिला हसू परवडणारं नव्हतं. गाडी तिची, तिच्या पगारातली. सासर देगलूर रस्त्यावरच्या गावात, नवरा किनवटच्या आश्रमशाळेत मास्तर, शनिवारी येणार नि रविवारी जाणार. तिच्याकडं ग्रामसेविका म्हणून माळावरची तीन गावं, आणि तिन्ही गावांना एसटी नाही. या उन्हाळ्यात टँकर आला की खेप मोजून सही करायला तिला हजर राहावं लागायचं. आणि याच उन्हाळ्यात गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली. परवा भर दुपारी माळावर बंद पडली. दोन कोस ढकलत आणली पोरीनं. तिचा लालबुंद चेहरा बघून शरणम्मांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला होता, आणि आज गाडी टेम्पोत घालून तो अमलात आणायला त्या जातीनं हजर झाल्या होत्या. आज नीट झाली तर झाली. नाहीतर आजच विकून टाकायची आणि सिंधुनं रजा टाकून घरी बसायचं.

चाळीस वर्षं धोंडप्पानं नुसत्या आवाजावरून गाड्यांची दुखणी सांगितली होती. पण ही नवी जात त्याच्या कानाला दाद देत नव्हती. केवळ सिंधुनं ही गाडी घेतली म्हणून तो गेल्या वर्षी लातूरला दोन दिवसांच्या वर्गात जाऊन मिसरूड न फुटलेल्या पोरांच्यात बसला होता. तरीही मागच्या दोन खेपांना त्याचा अंदाज चुकलाच. एकदा प्लग बदलला, एकदा बॅटरी. आता उरला होता टाकीतला फिल्टर.

त्यानं टाकी उतरवली, पेट्रोल डब्यात ओतून घेतलं आणि बुडाच्या पट्टीचे बोल्ट समोरासमोरचे असे एकेक ढिले केले. पंप अलगद बाहेर काढला. त्याच्या तळाची जाळी बोटानं पुसली आणि तो थांबला.

जाळी गाळानं पार बुजून गेली होती. फिल्टरची तर वाटच बंद. धूळ असणार, असं त्याला आधी वाटलं. यंदा धुळीनं काय सोडलंय? पण धूळ बोटांत करकरते. हा गाळ मऊ होता, पांढुरका, साईसारखा. त्यानं तो अंगठ्यानं चोळला. हा मऊपणा त्याच्या बोटांच्या ओळखीचा होता. रोज सकाळी आंघोळ झाली की लिंगपूजेच्या आधी तो हेच तीन बोटांनी कपाळाला लावत होता.

टाकीत भस्म! आणि तेही चिमूट-दोन चिमूट नाही, महिनोन्‌महिने पडत आलेलं.

त्यानं सिंधुकडं बघितलं. सिंधुनं गाळाकडं बघितलं, मग हळूच सासूच्या कपाळाकडं, आणि तिचे डोळे मोठे झाले. तोंड उघडणार एवढ्यात धोंडप्पानं फडकं तिच्या हातात कोंबलं.

"आगं, हे जरा पिळून आन."

"पर अप्पा..."

"आन म्हनलं ना."

मुलीकडच्या माणसानं विहिणीची चूक काढायची नसते. तिच्या घरच्या आमटीत मीठ जास्त झालं तर आपली जीभ खराब म्हणायचं आणि दुसरी वाटी मागायची. धोंडप्पा या शिस्तीत वाढलेला माणूस. पण गप्प बसायचं तर नवा फिल्टर महिना-दोन महिन्यांत पुन्हा तुंबणार, आणि पोरगी पुन्हा त्या माळावर, डोक्यावर ऊन आणि माणूस दिसत नाही अशा जागी. बोलावं तर विहिणीचा अपमान, न बोलावं तर लेकीचा जीव. इकडं आड तिकडं विहीर, आणि यंदा दोन्हीकडं पाणी नाही.

विचार करायला वेळ मिळावा म्हणून त्यानं हातांना कामाला लावलं. टाकी आतून पेट्रोलनं तीनदा खळबळून घेतली. नवी जाळी लावली, नवा फिल्टर बाणाची दिशा बघून बसवला, रबराचं कडं नवं घातलं, बोल्ट थोडे थोडे करून आवळले. पाइप टक्‌ आवाज येईपर्यंत दाबला. पेट्रोल गाळून परत ओतलं. मग किल्ली फिरवली आणि कान टाकीला लावला.

ऊंऽऽ. पंप दोन क्षण गुणगुणला नि थांबला. पुन्हा किल्ली, पुन्हा ऊंऽऽ. तिसऱ्यांदा त्यानं जोडाखाली बोट फिरवून बघितलं. कोरडं.

"दाब बटन."

सिंधुनं बटण दाबलं आणि गाडी एका दमात सुरू झाली. ना अडखळली, ना खोकली. धोंडप्पानं डोळे मिटून घेतले. किती गोड चालत होती! वर्षभर मुकी वाटलेली गाडी आज पहिल्यांदा त्याच्याशी बोलली, आणि तिचं बोलणं त्याला अक्षर न्‌ अक्षर कळलं. सिंधुनं बापाच्या दंडाला काळ्या हातानं घट्ट धरलं. दोघांनाही एवढा आनंद झाला की खुर्चीवर कोण बसलंय हे क्षणभर विसरायला झालं.

"झाल्तं काय पर हिला?" शरणम्मांनी विचारलं.

धोंडप्पानं गाडी बंद केली.

"चूक आमची हाय, इहीनबाई. गाडीची पूजा इथंच केलती. तवा मी टाकीत चिमूटभर भस्म टाकलं. ते पेट्रोलात इरघळत न्हाई, तळाला बसतं, अन् तिथनं ह्या जाळीत. ह्या गाडीच्या पोटात पेट्रोलबिगर काई चालत न्हाई. मला कळाया पायजे होतं. माफी असावी."

शरणम्मांनी जुना फिल्टर मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"चिमूटभर टाकलं?"

"हाव."

"चिमटीचा एवढा गाळ?"

"एकदाच न्हाई. दर सोमवारी टाकत आलो."

"दर सोमवारी गाडी आमच्या अंगनात असती, इवाई."

सिंधु पान्यांच्या डब्यात नसलेलं काही तरी शोधत राहिली.

शरणम्मांच्या खांद्यांना आधी हिसका बसला. मग त्या हसल्या, पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"चाळीस वर्सं गॅरेज चालवलं, अन् एक खोटं धड बोलता येईना तुमाला. मीच टाकलं की. ही पहाटं निघायची. गाडीला वरनं लावलं तर सांजेपातुर धुळीनं जायाचं. एकटी पोर त्या माळावर. म्हनलं आत टाकावं, आतलं कोन पुसतंय?" हसता हसता त्यांचा आवाज खाली आला. "अन् बंद पडाय लागली तशी मी वाढवत गेले."

लेक दुसऱ्या घरी दिली तेव्हापासून धोंडप्पाच्या छातीत अडकलेलं काही तरी आज ढिलं झालं, आणि ते लपवायला तो उगाच सीट पुसत बसला.

एवढ्यात सिंधुचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, "हाव, निघाले" म्हणाली आणि सासूकडं बघून थांबली.

"टँकर भरून निघालाय, आत्याबाई. अर्ध्या तासात माळावर येतोय."

गाडी नीट झाली होती, पण शरणम्मांचा शेवटचा निकाल अजून व्हायचा होता. धोंडप्पाचा हात सीटवरच राहिला.

शरणम्मा उठल्या. पिशवी खांद्याला अडकवली, पदर कमरेला खोचला आणि गाडीजवळ आल्या.

"चिमूट चालत न्हाई म्हंत्यात तुझे अप्पा. मग आज मीच बसते मागं. बघू तरी दे, कुठं जातीस ती."

"एका अंगानं नका बसू, आत्याबाई. खड्डे लई हायेत."

शरणम्मांनी एकदा धोंडप्पाकडं बघितलं. त्यानं लगेच पाठ वळवली. लुगड्याची सळसळ झाली, गाडी किंचित खाली दबली, आणि त्यानं वळून बघितलं तेव्हा साठीच्या विहीणबाई दोन्हीकडं पाय टाकून सुनेच्या कमरेला मिठी घालून बसल्या होत्या.

"सावकाश चालव ग," धोंडप्पा म्हणाला.

"सावकाश काय सावकाश?" मागून शरणम्मा गरजल्या. "टँकर निघाला म्हनती ना ती! दाब, सिंधु."