वरच्याला बरं नाही

बांधकामावर सगळे त्याला ‘वरचा’ म्हणत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये तो दिवसभर एकटा बसायचा. खाली कुणी घाई केली की लोक म्हणायचे, “वरच्याच्या मनात येईल तेव्हा येईल माल.” वॉकी-टॉकीवर ते ऐकून तो हसायचा. दिवसभरातलं तेवढंच हसणं.

सकाळी सगळ्यांच्या आधी तो शिडी चढायचा, संध्याकाळी सगळे पांगल्यावर उतरायचा. दुसरा चालक काम सोडून गेल्यापासून दोघांच्या पाळ्या तोच ओढत होता. लघवीसाठी उतरावं लागू नये म्हणून पाणीही फारसं पीत नसे. बायको आठ महिने लेकीकडे होती, नातू तान्हा म्हणून. रोज तिचा फोन यायचा.

“जेवलात?”

“जेवलो.”

“बाकी?”

“बाकी ठीक.”

मग अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात दिवसभराचे लोखंडी गज फिरत राहायचे. डोळ्याला डोळा लागत नसे.

खालून इशारे देणारा माणूस त्याच्याच वयाचा होता. पाच महिने दोघं रोज बोलत होते. डावीकडे, हळू, थांब, सोड. पण वरच्याला त्याचं फक्त पिवळं हेल्मेट ठाऊक होतं. अलीकडे वरचा त्याच्यावर उगाच खेकसायचा. इशारेवाला ऐकून घ्यायचा.

एका मंगळवारी दुपारी काँक्रीटची भरलेली बादली हवेत असताना वरच्याचे हात बधिर झाले. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. आपण मरतोय, अशी त्याची खात्रीच झाली.

“दादा, थांबलात का?” खालून आवाज आला.

“काही नाही. ठीक आहे.”

“तुमचा श्वास ऐकू येतोय मला. ठीक नाही. ब्रेक लावा आणि दांड्यावरचे हात काढा.”

त्याने हात काढले. खाली इशारेवाल्याने माणसं लांब हटवली, बादलीखालची जागा मोकळी केली. मग कुणी बघायच्या आत तो स्वतःच शिडी चढायला लागला. वर पोचला आणि खाली न बघता त्याने केबिनच्या दाराची कड धरली.

“उंचीची भीती वाटते मला,” तो दारातच बसत म्हणाला. “म्हणून तर खालचं काम घेतलं.”

त्याने बाटली पुढे केली. वरचा पाणी प्यायला, पुन्हा प्यायला, आणि अचानक हमसून रडायला लागला. इशारेवाला दुसरीकडे बघत बसून राहिला. वीस मिनिटांनी बादली सावकाश खाली उतरली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला. “हृदय ठणठणीत आहे. हा ताणाचा झटका आहे.”

“म्हणजे मी नाटक केलं?” तो चिडला.

“नाही हो. त्रास खराच होता. झोप नाही, पाणी नाही, विसावा नाही. कामाचं सोडून मनातलं शेवटचं कुणाशी बोललात?”

त्याला आठवेना.

त्या संध्याकाळी फोन आला.

“बाकी?”

“बाकी... मला बरं नाही.” एवढं म्हणायला त्याला सगळं बळ एकवटावं लागलं.

पलीकडे नातू रडत होता. “येऊ का?” तिने विचारलं.

नको, हे तोंडावर आलं होतं. “ये,” तो म्हणाला.

नातवाची सोय लावून तिला यायला तीन आठवडे लागणार होते.

दहा दिवसांच्या रजेनंतर त्याने सुपरवायझरला स्पष्ट सांगितलं, “आठ तास. आणि दुपारी अर्धा तास खाली.” सुपरवायझरने आधी डोकं धरलं, मग दुसरा चालक शोधला.

आता दुपारी तो इशारेवाल्याशेजारी डबा उघडतो. दोघांना फारसं बोलायला सुचत नाही. भोवती कामावरच्या पोरांचा गलका असतो, आणि त्याला अजून त्यात परक्यासारखंच वाटतं. बायको अजून यायची आहे; घरी परतल्यावर खोल्या तशाच गप्प असतात.

कधी कधी हात पुन्हा बधिर व्हायला लागतात. त्या दिवशी तो वॉकी-टॉकी उचलतो.

“आज हलकाच माल पाठव रे. बरं वाटत नाहीये.”

“बरं,” खालून उत्तर येतं, आणि पिवळं हेल्मेट मान वर करून बघतं.