गाद्यांच्या दुकानातली पीटीची बाई

तिला सगळे बाईच म्हणायचे. शाळेत बावीस वर्षं पीटी शिकवल्यावर दुसरं कोण काय म्हणणार? घरात नवराही चेष्टेने बाईच म्हणायचा. मैदानाच्या या टोकाला उभी राहून ती त्या टोकाच्या पोराला बुटाची सुटलेली नाडी बांधायला लावायची, इतका तिचा आवाज खणखणीत होता. मग एके वर्षी ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली. तिथे आधीच एक पीटीचे सर होते. बाई घरी बसली.

घरी बसली म्हणायचं इतकंच, बसली कसली! पंधरा दिवसांत तिने माळा दोनदा आवरला, नवऱ्याला लिफ्टबंदी केली आणि मुलीला पोक येतंय म्हणून डोक्यावर पुस्तक ठेवून घरभर चालायला लावलं. शेवटी नवऱ्याने जिन्यात धापा टाकत मोठ्या बहिणीला फोन लावला.

"ताई, काहीही कर, पण हिला कुठेतरी चिकटव."

ताई गाद्यांच्या एका मोठ्या दुकानात हिशेबाचं काम बघायची. तिने साहेबांकडे शब्द टाकला आणि आठवड्याभरात बाई तिथे रुजू झाली.

"माझ्या शब्दावर घेतलंय हं तुला," नणंदेने बजावलं. "माझं नाक कापू नकोस."

"नाही हो वन्सं," बाई म्हणाली. "गाद्याच तर विकायच्यात."

पहिल्याच दिवशी तिला फिकट जांभळा झगा घालायला दिला आणि छातीवर बिल्ला लावला. बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'निद्रा-सल्लागार'. मुलीने तो वाचला आणि हसता हसता जमिनीवर लोळली.

दुकानाचे साहेब मऊ तळाचे बूट घालायचे आणि कानात गुपित सांगावं तसं बोलायचे. कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं होतं हळूसाहेब.

"इथे गिऱ्हाईक दमून येतं," ते बाईच्या कानाशी पुटपुटले. "त्याला आडवं होऊ द्यायचं. डोळे मिटू द्यायचे. आणि झोप लागली तर कुणीही, अगदी कुणीही उठवायचं नाही. झोपलेलं गिऱ्हाईक म्हणजे आपली जाहिरात."

आता बाईचा सगळा जन्म लोकांना उठवण्यात गेलेला. भरदिवसा धडधाकट माणसं आडवी पडलेली बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुसऱ्याच दिवशी एक तरुण पोटावर पडून, मान वाकडी करून मोबाईल बघत होता. बाईच्या तोंडून निघून गेलं, "मान सरळ!" तो तरुण ताडकन उठला, सॉरी म्हणाला आणि दुकानाबाहेर गेला. मग एक आजोबा आले. कंबर दुखते म्हणाले. गादी दाखवायची सोडून बाईने त्यांना पाठीचे तीन व्यायाम दाखवले. आजोबा खूश होऊन, गादी न घेता, घरी गेले.

हळूसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. त्यांना ओरडता येतच नव्हतं. "बाई," ते कुजबुजले, "तुम्ही जरा... सौम्य व्हा."

बाईने मनावर घेतलं. ती सौम्य झाली. इतकी की तिचं तिलाच ऐकू येईना. त्या हॉलमध्ये एकतीस पलंग, भिंतीभर पडदे, खाली जाड गालिचा. तोंडातून निघालेला शब्द समोरच्या माणसापर्यंत पोचायच्या आधीच फोममध्ये बुडून जायचा. ऊन नाही, धूळ नाही, एक ढोपर फुटलेलं पोर नाही. दिवसभर ती चादरींच्या सुरकुत्या काढायची आणि "मध्यम मऊ की मध्यम कडक?" एवढंच विचारायची. एकदा दुपारी ती मागच्या गोदामात गेली, उभ्या रचलेल्या गाद्यांमध्ये तोंड खुपसलं आणि पोटभर रडली. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. गाद्या खरंच चांगल्या होत्या.

महिन्याभराने एकदा जेवताना ती म्हणाली, "मीठ द्या जरा."

"काय?" नवऱ्याने विचारलं.

"मीठ."

नवऱ्याने मीठ दिलं आणि तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, बरं नाहीये का तुला? सोडून दे ती नोकरी."

"वन्संना काय सांगू?" ती म्हणाली, आणि तेही त्याला दोनदा विचारावं लागलं.

आणि मग तो शनिवार उजाडला. भर दुपारी खाकी कपड्यातला एक गडी आत आला. "पाच मिनिटं फक्त बघतो," म्हणाला, आणि सगळ्यांत महागड्या गादीवर पडला. तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागला. हळूसाहेब लांबून कौतुकाने बघत होते. आणखी चार गिऱ्हाइकंही त्याचं घोरणं ऐकून आपापल्या पलंगांवर पेंगुळली.

अर्ध्या तासाने दार ढकलून एक कंडक्टर घामाघूम होऊन आत आला. "आमचा ड्रायव्हर इथे आलाय का हो? समोर थांब्यावर बस भरलीये! लोक मला खायला उठलेत!"

दारातून बाहेरचा गलका ऐकू येत होता. काही प्रवासी तर काचेला नाक लावून उभे होते. हळूसाहेब लगबगीने पलंगाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "अहो... ऐकलंत का..." ड्रायव्हर कुशीवर वळला. कंडक्टरने गदागदा हलवलं. ड्रायव्हरने त्याचा हात उशीखाली घेतला आणि तो पुन्हा घोरू लागला.

"उठवा हो कुणीतरी!" कंडक्टर काकुळतीला आला.

बाईने हळूसाहेबांकडे पाहिलं. हळूसाहेबांनी घाईघाईने मान नकारार्थी हलवली. पण बाईचे पाय केव्हाच जुळले होते, छाती श्वासाने फुगली होती.

"साऽऽवधान!"

ड्रायव्हर उठून सरळ उभाच राहिला, कंडक्टरच्या हातासकट. चारही गिऱ्हाइकं पलंगांशेजारी ताठ उभी राहिली. ऑफिसातून नणंद पेन हातात घेऊन धावत आली. काचेपलीकडचे प्रवासी एका रांगेत आले. आणि हळूसाहेब, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून उभे होते. पहिल्यांदाच ते जरा उंच दिसले.

"विश्राम," बाई म्हणाली, कारण नाहीतर कुणी हललंच नसतं.

बस गेली. गिऱ्हाइकंही गेली, गादी न घेता. हळूसाहेबांनी बाईला काढून टाकलं, अर्थात हळूच. तिने झगा घडी करून टेबलावर ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "येते!" तिचा आवाज हॉलभर घुमला. नणंद आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी फोन करून म्हणाली, "तो साहेब टाचा जुळवून उभा होता ना, ते आठवून मला अजून हसू येतं गं."

सोमवारी बाई बसडेपोत गेली. कुणी बोलावलं नव्हतं. व्यवस्थापकाला म्हणाली, "तुमच्या ड्रायव्हरांच्या पाठी पार गेल्यात. माझ्या ताब्यात द्या." तो म्हणाला, जागा नाही. ती म्हणाली, मैदान आहे ना? शेवटी आठवड्यातून तीन सकाळी, पगार दुकानाच्या निम्मा, असं ठरलं.

पहिल्या सकाळी चाळीस ड्रायव्हर तीन वाकड्या ओळींत उभे होते. बहुतेकांची पोटं त्यांच्या आधी ओळीत पोचली होती. बाईने हात वर करायला सांगितले. मागच्या ओळीतला एक जाडजूड, मिशीवाला ड्रायव्हर पोट धरून पुढे आला.

"बाई," तो बारीक तोंड करून म्हणाला, "पोटात दुखतंय. मी सावलीत बसू?"

बाईला शाळेचं मैदान आठवलं आणि एकदम भरून आलं.

"दोन चकरा जास्त!" ती गरजली.