सासूबाईंचा विद्यार्थी

लग्नानंतर सासरी आले ती भोप्याला घेऊनच. भोप्या माझा कुत्रा. नाव आवाजावरून पडलेलं. घरात सासूबाईंच्या दोन मांजरी, थोरली आणि धाकटी. पहिल्याच दिवशी भोप्याने धाकटीला कपाटावर पळवलं आणि खाली उभं राहून घर डोक्यावर घेतलं. मला वाटलं, आता एक तर कुत्रा जाणार, नाही तर सून.

सासूबाई म्हणाल्या, "शिकेल गं. मी याहून धसमुसळे लोक पाहिलेत." तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून भोप्या एका खोलीत, मांजरी दुसरीत. आठवडाभर नुसती अंथरुणांची अदलाबदल, एकमेकांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. मग मधलं दार बोटभर उघडलं. भोप्याचा पट्टा सासूबाईंच्या हातात, खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. मांजर दिसल्यावर त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, की "शाब्बास!" आणि एक तुकडा. नाही पाहिलं, तर चार पावलं मागे यायचं आणि पुन्हा सुरू.

तिसऱ्या आठवड्यात, "आता जमतंय की," म्हणत मी पट्टा सोडला. धाकटी टेबलावरून उडी मारून पळाली, भोप्या तिच्यामागे. खुर्ची आडवी, किटली फरशीवर. थोरलीने मध्ये पडून त्याच्या नाकावर पंजा ओढला. मी रडकुंडीला आले.

सासूबाईंनी मांजरींना आत ठेवलं, भोप्याचं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "त्याला रागावू नकोस. आपण घाई केली."

'आपण' म्हणाल्या. 'तू' नाही.

आणि त्यांनी सगळं पुन्हा बंद दारापासून सुरू केलं. गुडघे धरलेले असताना, रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं.

दोन महिन्यांनी एका दुपारी मी कामावरून आले, तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि भोप्याचा पट्टा जमिनीवर सैल पडला होता. इतक्यात धाकटी भोप्याच्या नाकासमोरून धावत गेली. त्याचे कान ताठ झाले, पाठ थरथरली. मी जागच्या जागी थिजले. त्याने मान वळवली, सासूबाईंकडे पाहिलं आणि मटकन बसला.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? पास झाला तो!" सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

आता तिघं एकाच खोलीत झोपतात. दोस्ती म्हणाल तर नाही, पण कुरबुरही नाही. नवरा पाहुण्यांना सांगतो, "आमचा भोप्या मुळातच गरीब."

सासूबाई हसून चहा टाकायला उठतात. मग मलाच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.