उडीचं जीन

बहात्तरच्या दुष्काळात उमापूरच्या आसपासच्या गावांसाठी सहकारी सोसायटीनं गुरांची छावणी काढली. गावोगाव फिरून गुरांची नोंद करायचं काम सेक्रेटरी मोहनरावांच्या गळ्यात पडलं. सायकल फुफाट्यात रुतायची. तेव्हा बंकटनं आपली घोडी दिली.

बंकट मेंढपाळ. दरवर्षी घोडीवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं निघायचा. यंदा कुठं जायला हिरवं उरलंच नव्हतं. "छावणीत तिला चारा मिळंल, तुमाला पाय मिळतील," म्हणाला आणि स्वतः शिवलेलं खोगीरही दिलं. मेंढीच्या लोकरीचं, जाड, दिसायला बेढब. पण माणूस बसो, धान्याचं पोतं लादो की कोकरांची झोळी अडकवो, सगळ्याला तेच चालायचं. आसपासच्या वस्त्यांवर बंकटचीच खोगिरं होती.

पंधरा दिवस मोहनराव त्यावर फिरले. मग गेवराईला बैठकीला गेले, तर चेअरमन सुंदरराव चारचौघांत म्हणाले, "काय सेक्रेटरी, घरची गादी घेऊनच निघालात का?" सगळे हसले. मोहनरावही हसले, पण ते त्यांना फार लागलं.

त्यांचा मेहुणा त्रिंबक पुण्याला घोडेस्वारीच्या क्लबात नोकरीला होता. त्याच्याकडून त्यांनी एक जुनं जीन मागवून घेतलं. तांबूस चामड्याचं, हलकं, चकचकीत. त्रिंबकनं देतानाच बजावलं, "दाजी, हे अडथळ्यावरून उडी मारायचं जीन हाय. ह्यात पुढं झुकून रिकिबीत पाय रोवून उभं राहायचं, तेबी थोडा वेळ. दिसभर बूड टेकून बसायचं हे न्हवं. आन् घोडंबी भरल्या अंगाचं लागतं."

"बसायचंच तर हाय ना?" म्हणून मोहनरावांनी त्याला गप्प केलं.

घोडीची तर हाडं वर आली होती. चौथ्या दिवशी जिनाचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळताना तिनं अंग चोरलं. मोहनरावांनी जीन उचलून बघितलं. मणक्यावरचे केस गेले होते, खाली ओलं, लाल. त्यांना दिसलं, दिसलं नाही असं नव्हतं. पण त्या दिवशी गेवराईला साहेब लोक यायचे होते. त्यांनी धोतराच्या फडक्याची घडी खाली सारली आणि स्वार झाले. सुंदरराव म्हणाले, "आता शोभता बघा!" येताना घोडी दर थोड्या अंतरावर थांबत होती. मोहनरावांनी टाच मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंकट आणि त्याची बायको ताराबाई घोडी बघायला छावणीत आले. जीन मोहनरावांनी कचेरीत ठेवलं होतं; बंकटला त्याची खबर नव्हती, आणि त्याचं खोगीर घोडीजवळच पडलं होतं. ताराबाईनं घोडीच्या पाठीवरचं फडकं काढलं, तर ते जखमेला चिकटलेलं निघालं. तळहाताएवढी जखम.

बंकटचा चेहरा उतरला. "माझ्या खोगिरानं झालं व्हय हे?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मोहनराव म्हणाले, "लोकरीत काटाबिटा राहिला असंल."

बंकट तिथंच मातीत बसला आणि खोगीर उसवायला लागला. मूठमूठ लोकर काढून बोटांनी चाचपू लागला. ताराबाई लिंबाचा पाला उकळून जखम धूत होती. काटा सापडला नाही. तरी बंकट म्हणाला, "असंल कुठंतरी. माझाच हात चुकला."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचा सुग्रीव काट्याची गोष्ट ऐकून, बंकटकडून घेतलेलं आपलं खोगीर घेऊन छावणीत आला आणि बंकटपुढं टाकून म्हणाला, "न्हाई बाबा, माझ्या जनावराला न्हाई लावायचं." चाऱ्याच्या रांगेतली माणसं बघत होती. बंकटनं मान न वर करता ते खोगीर जवळ ओढलं आणि त्याचीही शिवण उसवायला घेतली.

मोहनराव टेबलाशी बसून हे बघत होते. ते उठले, कचेरीतून जीन आणलं आणि सगळ्यांसमोर ठेवलं.

"सुग्रीव, ते खोगीर परत घे. घोडीची पाठ ह्यानं गेली. मी घातलं होतं. जखम बघून बी मी तिच्यावर बसलो. आन् बंकटशी खोटं बोललो."

लोक हसतील असं त्यांना वाटलं होतं. कुणीच हसलं नाही. ते जास्त जड गेलं.

बंकटनं जीन उलटं करून तळाला हात फिरवला. रक्ताचा डाग वाळून काळा पडला होता. "काम लई नाजूक हाय," तो म्हणाला. "जीन वाईट न्हाई. पर दिसभराच्या चालीचं न्हाई हे." मग म्हणाला, "तीन दिस मी लोकर पिंजत बसलतो, मोहनराव. तुमी बघत होता."



दीड महिन्यानं जखम भरली. तिथं पांढरे केस आले, आणि बंकट तिला वस्तीवर घेऊन गेला. मोहनरावांनी उरलेली गावं पायी केली. बंकटच्या वस्तीवरून जाताना तो रामराम घालायचा, बसा म्हणायचा. ताराबाई पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. घोडी समोरच बांधलेली असे. "घोडी न्या" असं मात्र त्या घरातून पुन्हा कुणी म्हणालं नाही, आणि मागायला मोहनरावांची जीभ उचलली नाही. ते घोडीकडं पाठ करून बसायचे, पाणी प्यायचे आणि उन्हात पुढच्या गावाला निघायचे.