आईचा रंग जांभळा

त्या वसंतात शाळा बंद झाल्या आणि ऑरिकाला सहा वर्षांनी मुलीच्या अभ्यासाला बसायला मिळालं. जग हवालदिल झालं होतं, खिडकीखालून दिवसभर रुग्णवाहिका ओरडत जात होत्या, आणि ही बाई मनातल्या मनात सुखात होती. तिला त्याची लाज वाटायची, पण सुख काही लाज बघून येत नाही.

ती पादोव्हात एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला, सिन्योरा एल्दाला, सांभाळायची. मोल्दोव्हातल्या तिच्या गावच्या निम्म्या बायका अशाच कुणाचे ना कुणाचे आईबाप सांभाळायला इटलीत आलेल्या. त्यांची स्वतःची पोरं तिकडे आत्या-मावश्यांच्या ओटीत. ऑरिकाचा नवरा मॉस्कोला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा मुलगी, इलिंका, नवऱ्याच्या बहिणीच्या हवाली करून हिला निघावं लागलं. झिनाआत्या ऑरिकाच्याच घरात राहायला आली. ऑरिका निघाली तेव्हा पोर सात वर्षांची होती, आता तेरा वर्षांची झाली होती.

फोनवर रोज एकमेकींना बघायच्या, पण त्यात राम नव्हता.

"जेवलीस?"

"हो."

"काय?"

"मामालिगा."

"अभ्यास?"

"झाला."

मग पोरीची नजर हळूच पडद्याच्या कोपऱ्याकडे, दुसऱ्याच कशाकडे तरी वळायची. ऑरिकाला ते दिसायचं आणि न दिसल्यासारखं करून ती हवेची चौकशी करायची.

शाळा बंद झाली आणि भाषेच्या नेओनिलाबाईंना उतारवयात कॉम्प्युटरचं वेड लागलं. त्यांनी तिघातिघांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक सामाईक पान दिलं. आपापल्या घरी बसायचं, एकाच पानावर एकाच वेळी लिहायचं. ज्याची त्याची लुकलुकती रेघ वेगळ्या रंगाची, रेघेवर ज्याचं त्याचं नाव. शेजारच्या मोकळ्या समासात एकमेकांना शेरे लिहायचे, आणि शंका फिटली की त्यावर टिचकी मारायची, की तो शेरा मिटून जायचा. इलिंकाची रेघ हिरवी होती. एक दिवस तिनं आईला पानाची लिंक पाठवली.

"आई, जरा शुद्धलेखन बघशील? बाई गुण कापतात."

यंत्रानं ऑरिकाला जांभळा रंग दिला. त्याला काय माहीत, आपण एका आईला लेकीशेजारी जागा देतोय.

सिन्योरा दुपारी झोपली की ऑरिका कॉफीच्या भांड्याला फोन टेकवून बसायची. हिरवी रेघ अक्षर अक्षर पुढे सरकायची, थबकायची, मागे येऊन एखादा शब्द खाऊन टाकायची. रेघ थांबली की आईला कळायचं, पोरगी विचार करतेय. मग जांभळी रेघ तिच्या अगदी लगत जाऊन उभी राहायची. दुधाची तहान ताकावर भागत नाही म्हणतात. ज्याला ताकही मिळालेलं नसतं त्याला विचारा.

समासात दोघींच्या गप्पा चालायच्या.

"इथे स्वल्पविराम दे."

"कशाला?"

"श्वास घ्यायला."

"तू घे. मला दम लागत नाही."

ऑरिका तोंडावर हात दाबून हसायची, म्हातारी जागी होऊ नये म्हणून. फोनवर हीच पोरगी 'हो' आणि 'नाही'च्या पुढे जात नव्हती; इथे मात्र पोपटासारखी बोलत होती.

पलीकडच्या रस्त्यावर एका आजोबांना सांभाळणाऱ्या तमाराला, म्हणजे तिच्या गाववालीला, हे सांगितल्याशिवाय राहवतंय थोडंच?

"चाळिशीत शाळेत नाव घातलंस म्हणे," तमारा फोनवर म्हणाली. "डबा कोण भरून देतं?"

"हस तू."

"हसत नाही गं. पण उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मी इथून माझ्या पोराला रोज सांगायचे, टोपी घाल, टोपी घाल. एक दिवस त्यानं फोन खिडकीबाहेर धरला. तिकडे रणरणतं ऊन पडलं होतं."

"तुझा पोरगा आगाऊच आहे."

"आहेच. पण ऊनही होतं ना," तमारा म्हणाली.

ईस्टर जवळ आलं. ईस्टरनंतर आठवड्यानं त्यांच्याकडे सगळं गाव आपल्या माणसांच्या थडग्यांवर जेवायला बसतं, आणि गेलेल्यांच्या नावानं वेणीसारखा वळलेला गोल पाव, कोलाच, मेणबत्ती लावून वाटला जातो. त्या साली जमायला बंदी होती. म्हणून नेओनिलाबाईंनी विषय दिला: 'आमच्या घरचा तो दिवस'. प्रत्येकानं आपल्या घराचा परिच्छेद लिहायचा, आणि मग तिघांनी मिळून ते जोडून घ्यायचे.

इलिंकानं लिहिलं होतं: 'आमच्या घरी कोलाच आत्या करते. दोन पेडांचा. तिनंच मला वळायला शिकवलं. सगळ्यात पहिला कोलाच मी शेजाऱ्यांना देते.'

ऑरिकानं ते दुपारी वाचलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. आमच्या घरी? ते घर कुणाचं? त्या घरात कणीक कुणी मळली होती? झिनाला धड भाकरी भाजता येत नव्हती; कोलाच ती ऑरिकाच्या हाताखाली शिकली, आणि तेही दोन पेडांवरच थांबली. आयत्या बिळावर नागोबा, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. खरं तर सहा वर्षं जी बाई आपली पोर न्हाऊमाखू घालतेय तिच्याबद्दल असं मनात येणं हे पाप होतं, आणि ऑरिकाला तेही कळत होतं. पण ईर्षेला कळण्याशी काय देणंघेणं?

शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली की पोरीनं घाईत चूक केली. स्वल्पविराम सुधारतो तसं हेही सुधारायचं.

तिनं 'आत्या' पुसलं आणि 'आई' लिहिलं. 'दोन'चे 'तीन' केले. मग हात थांबेना. सासऱ्याच्या थडग्यावर सावली धरणारा अक्रोड, लाल काठाचा टेबलक्लॉथ, मेणबत्ती वाऱ्यानं विझू नये म्हणून धरलेला डोईचा रुमाल, सगळं सगळं तिनं लिहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती लिहीत होती. इतकं चांगलं तिनं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. हिरवी रेघ तेव्हा पानावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. पालकांना कॅमेरा आणि आवाज बंद ठेवून ऐकायची मुभा होती. ऑरिका म्हाताऱ्या सिन्योराला सूप भरवत कान देऊन बसली.

"वा, इलिंका," नेओनिलाबाई म्हणाल्या. "वाचताना मला वास आला गं भट्टीचा. आता हे तीन पेड कसे वळायचे ते सगळ्यांना दाखव बघू. एखादी दोरी घे."

इलिंका पडद्याकडे वाकून वाचायला लागली. ती ते बदललेलं पान पहिल्यांदाच बघत होती.

"बाई," गटातला वादिम म्हणाला, "ते तिनं लिहिलेलंच नाही. कुणी काय लिहिलं ती नोंद उघडून रंग बघा ना. सगळं जांभळं आहे. तिच्या आईनं इटलीतून लिहिलंय."

"वादिम."

"आणि अक्रोड कुठला? अक्रोड कधीच तोडला. माझ्याच बाबांनी तोडला."

वर्ग हसला. वाईट मुलं नव्हती ती. त्यांतल्या अर्ध्यांच्या आया परदेशातच होत्या, आणि म्हणूनच त्यांना जास्त हसू आलं असेल. इलिंकाचे कान लाल झाले. तिनं कॅमेरा बंद केला. बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आयांनो, ऐका जरूर, पण लिहू नका. आणि इलिंका, बाळा, आहे तसं लिही." सिन्योरा तोंड उघडून बसली होती, आणि ऑरिकाच्या हातातला चमचा हवेतच राहिला होता.

संध्याकाळी तिनं पान उघडलं. हिरवी रेघ आधीच येऊन थांबली होती. 'आई' या शब्दाशेजारी समासात शेरा होता.

"आई, तू असं का केलंस?"

"तुझी चूक सुधारली."

"चूक नव्हती ती."

"खोटं काय आहे त्यात? मी करायचे कोलाच. तीन पेडांचा. तू स्टुलावर उभी राहून कच्च्या कणकेचे गोळे खायचीस. मी ओरडायचे. आठवतंय ना?"

रेघ जागच्या जागी लुकलुकत राहिली. पोरगी विचार करतेय, हे आईला कळलं, पण कसला ते कळलं नाही.

"मला आठवत नाही, आई."

"थोडंसं तरी?"

"मी वर्ग सुटल्यापासून खूप प्रयत्न केला. आत्या सांगते की तूच करायचीस, तुझ्या हातचा जास्त चांगला व्हायचा म्हणून. पण मला दिसत नाही. आत्याच दिसते."

ऑरिकानं काहीतरी लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिकडे पोरीला ती जांभळी रेघ पुढे-मागे होताना दिसत असणार.

"तू रडू नकोस," इलिंकानं लिहिलं. "तुझंही नाव घालूया की. भट्टी तू पाठवलेल्या पैशातनं बांधली ना? मी लिहिते, 'भट्टी आईनं दिली.' चालेल?"

पोर मन राखत होती. दूरच्या, सभ्य पाहुण्याचं राखावं तसं. सहा वर्षांत ऑरिकाला कुणी इतकं कापलं नव्हतं, आणि कापणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. कुणावर रागवायचं? झिनावर? तिनं तर उलट आईची बाजू घेऊन पोरीला सांगितलं होतं.

"नको," तिनं लिहिलं. "भट्टीचं नको लिहूस. सण भट्टीचा नसतो."

मग ती मुलीच्या परिच्छेदात गेली. रुमाल पुसला. लाल काठ पुसला, अक्रोड पुसला. तीनचे दोन केले. हिरवी रेघ एका अक्षरालाही न शिवता शेजारी उभी होती. 'आई' या शब्दापाशी ऑरिका थोडी थांबली. आपण तोंडानं सांगू आणि पोरगी पुसेल, असंही करता आलं असतं. पण ते काम लेकराच्या हातून करवून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. तिनं ती दोन अक्षरं स्वतः खोडली आणि तिथं 'आत्या' लिहिलं.

"बघ, बरोबर आहे का आता?" तिनं समासात विचारलं.

"हो. एकदम बरोबर. थँक यू, आई."

इलिंकानं शेऱ्यावर टिचकी मारली, आणि समासातलं दोघींचं बोलणं मिटून गेलं.