ग्लासाच्या काठावरचं मीठ

खत कंपनीनं विक्री वाढवल्याबद्दल खताचे दुकानदार धैर्यशीलरावांना बालीला नेलं आणि उचगावातल्या एका सरळ घराचं वाटोळं सुरू झालं. जाताना हा माणूस युरियावर बोलायचा, आला तो मार्गारिटा नावाच्या कॉकटेलवर बोलत. सोबत टकिलाची बाटली, दोन पसरट ग्लास आणि एक तत्त्व. बाटली आणि ग्लास परवडले, तत्त्वानं घात केला.

तत्त्व असं, की सुधारलेल्या जगात पाहुण्याला आग्रह करत नाहीत. "एकदाच विचारायचं. नको म्हणाला, की त्याचा मान राखायचा."

"मग आपल्याकडं माणसं उपाशीच मरतील की," त्यांची बायको वर्षाराणी म्हणाली.

आज आजऱ्याहून अमरसिंह येणार होते. काजूचा कारखाना, आवाज मोठा आणि मान त्याहून मोठा. त्यांचा सम्राट आणि यांची तेजस्वी यांचं केव्हाच जमलं होतं, अडलं होतं ते अमरसिंहांच्या होकारावर. 'पप्पांना घ्यायला चालतं,' एवढंच सम्राटनं कळवलं, आणि तेवढ्यावर धैर्यशीलरावांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

सोलता सोलता निम्मा अननस केरात गेला. उरलेला, हापूसचा गर, लिंबू, बर्फ आणि टकिला मिक्सरमध्ये घालून त्यांनी झाकण न लावताच बटण दाबलं. भिंतीवरच्या खत कंपनीच्या कॅलेंडरला अभिषेक झाला. मग बशीत मीठ पसरून ग्लासांची तोंडं त्यात घोळवली.

"हे काय?"

"तिकडं असंच असतं."

"आमच्यात मीठ ताटात वाढतात. भांड्याच्या तोंडाला फासत न्हाईत."

"तुला नाही कळायचं. तो रस्सा झाकून ठेव."

वर्षाराणीनं मटणाच्या पांढऱ्या रश्श्यावर झाकण ठेवलं, गॅस मात्र बारीक चालूच ठेवला. नवऱ्याला ती काही आजच ओळखत नव्हती.

अमरसिंह आले, सोफ्यावर टेकले. ट्रेमध्ये एक ग्लास भरलेला, दुसरा नुसता मीठ लावून.

"घेणार?"

"छे छे, नको. कशाला उगं?" अमरसिंह म्हणाले आणि त्यांचा हात ट्रेकडं सरकला.

जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की हा नकार नसतो, हे घसा खाकरणं असतं. यापुढं यजमानानं "असं कसं?" म्हणायचं, शपथ घालायची आणि पाहुण्यानं मोठ्या मनानं हरायचं.

"बरं," म्हणत धैर्यशीलरावांनी भरलेला ग्लास स्वतःच्याच तोंडाला लावला. "अहाहा! काय अननस उतरलाय!"

अमरसिंहांचा हात वाटेतच थांबला. तो त्यांनी मिशीकडं वळवला.

"जेवायला थांबणार?"

"न्हाय, जरा काम हाय."

"बरं."

दुसऱ्या 'बरं'ला अमरसिंह उठलेच. "सोयरिकीचं बघू मग. सवडीनं."

दाराआड तेजस्वीनं ओढणी तोंडात कोंबली. धैर्यशीलराव प्रसन्नपणे मिठाचा काठ चाटत होते.

वर्षाराणीनं ट्रेमधला रिकामा ग्लास उचलला, त्यात पळीनं रस्सा ओतला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"पावणं, चपला घालायच्या न्हाईत."

"वैनी, खरंच नको..."

"असं कसं? कोरड्या तोंडानं गेलासा तर पुन्हा चूल पेटवायची न्हाय मी."

"मग अर्धाच..."

"पुरा! माझ्या गळ्याची शपथ हाय."

आपल्याला हरवणारं माणूस भेटल्यावर अमरसिंहांचा चेहरा कसा खुलला! ते उभ्याउभ्याच ग्लास रिकामा करून थबकले, काठावरून जीभ फिरवली.

"कडंला मीठ लावलंय व्हय? झकास! रश्श्यात जरा कमीच हुतं." ते चपला सोडून मागं फिरले. "आता तुमच्या घरचं मीठ खाल्लं वैनी, न्हाय कसं म्हणू? बोलवा पोरीला. आणि ताट वाढा."

सोयरीक मार्गारिटानं जमली, असं धैर्यशीलराव अजूनही दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात. "खरं काय झालं ते सांगू का?" वर्षाराणीनं त्यांना एकदाच विचारलं. ते नको म्हणाले.

तिनं त्यांचा मान राखला.