सोमवारचा आकडा

चौसाळ्यात आमच्या गच्चीवर आठ सोलर प्लेटा बसल्या, त्या दिवशीच मी त्यांची पूजा केली. प्रत्येकीवर ओल्या विभूतीचे तीन पट्टे, मधोमध बेलपान. सूर्य आपल्या घरी कामाला येणार, एवढा मान नको का? पुढे दर सोमवारी पहाटे, व्रताचं मौन सुटायच्या आत, मी एकटीच वर जाऊन पूजा करू लागले.

त्या विजेवर माझी पिठाची गिरणी चालते. घरात माझं म्हणून तेवढंच काम.

श्रावणात दीर महांतेश म्हणाला, "वहिनी, गिरणी अर्ध्या दळणात कण्हती. तुमच्या प्लेटा ढगाला भेतात. शेतात मोटारीला लावतो."

"शेतावर येगळं आभाळ हाय का, भावजी?"

मालक हसले, पण मिटवलं नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारानंतर भारत वायरमन प्लेटा काढायला येणार, असं ठरलं.

मी मनाशी नेम धरला. रोज दिवेलागणीला मीटरचा आकडा पंचांगाच्या कडेला लिहायचा. झाकोळलेल्या दिवशी चार युनिट, रिपरिप असली की तीन. पाऊस धुऊन गेल्यावर ऊन पडलं की तेरा! वैशाखही आठवला. प्लेटा तव्यासारख्या तापल्या होत्या, अन् भर दुपारी गिरणी फाल्गुनापेक्षा मंद चालायची. त्यांना ऊन हवं, ताप नको. एवढं सगळं जुळत होतं. एक जुळेना. लख्ख उघडीप असूनही सोमवारी आकडा सातावरच. महादेवाच्याच वारी कावून?

शेवटच्या सोमवारीही आभाळ निरभ्र होतं, अन् गिरणी पुन्हा कण्हत होती. भर दुपारी मी गच्चीवर गेले. एरवी त्या वेळी कधी जात नाही. विभूती वाळून चुन्यासारखी धरलेली, बेलपानं चिकटलेली; पुढच्या सरीनं धुऊन जाईपर्यंत ती तशीच राहत असणार.

मी जिन्यातून हाक मारली, "शिवांजली, मीटरवर आत्ता किती वीज येतीय तो आकडा बघत राहा गं!"

पहिलं पान उचलून कपाळाला लावलं. शिवाला वाहिलेलं पान मीच काढत होते. मग ओल्या फडक्यानं पट्टे पुसले.

"आई, चढला!" खालून लेक ओरडली. "अजून चढला! काय करायलीस वर?"

आठही पुसल्या.

रात्री जेवताना मीच सांगून टाकलं. महांतेश ताट सोडून हसला. "म्हंजे वहिनी, उन्हाला तुमीच अडवलं व्हय! अन् मी ढगाला शिव्या देत होतो."

"चूक माझी हाय," मी म्हणाले. "पण भारतला उद्या शिडी लावायच्या आधी थांबवा. आपल्या घरची ज्वारी आणा. पुरी पायली."

मंगळवारी पहाटे मी प्लेटांवर नुसतं पाणी वाहिलं. दुसरं काहीच नाही. दुपारी भारत शिडीला टेकून उभा, अन् महांतेश गिरणीला कान लावून. अधूनमधून एखादा ढग आडवा आला की गिरणीचा पट्टा मंदावायचा, पुन्हा वेग धरायचा. पायली संपली. गिरणी कण्हली नाही.

महांतेशनं पीठ चिमटीत घेतलं, बोटांत चोळलं.

"जा रे भारत," तो म्हणाला. "चहा पिऊन जा."

"शिडी मात्र इथंच राहू द्या," मी म्हणाले. "वरच्या चार प्लेटांना स्टुलावर चढून कसाबसा हात पुरतो, अन् आता दर सोमवारी पुसायच्या हायत."